न दिसणारा मठ: जुनी चिनी कविता, चित्र आणि धर्म एकत्र कसे वाचायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वांग वेई या जुन्या चिनी कवीच्या काही कविता भाषांतरात वाचल्या. त्यात डोंगर आहे, ऊन आहे, शेवाळ आहे आणि तेवढ्यात कविता संपते. लोक तिला ‘झेन’ म्हणतात, ‘शब्दांतलं चित्र’ म्हणतात, पण तुम्हाला त्यात ना झेन सापडलं ना चित्र. शिवाय एका प्रदर्शनात चिनी निसर्गचित्रांच्या कोपऱ्यात कविता आणि लाल शिक्के दिसले. ती कविता म्हणजे चित्राची ओळख करून देणारा मजकूर असतो का, आणि हे सगळं कळायला आधी बौद्ध धर्म वाचावा लागतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी चिनी भाषा शिकवते, वर्गात या कविता दरवर्षी वाचून घेते आणि थोडंफार शाई-ब्रशचं कामही करते. तुमच्यासारखी तक्रार वर्गात हमखास येते, आणि ती वाजवी आहे. माझ्या मते अडचण माहिती कमी पडण्याची नाही. तुम्ही कवितेत दडलेला अर्थ शोधताय. शेवाळ कशाचं प्रतीक, ऊन म्हणजे ज्ञान का, असं. प्रतीक हाती लागत नाही, म्हणून कविता पोकळ वाटते. या कवितांत बघायचं असतं ते कवीने काय दाखवलं, कोणत्या क्रमाने दाखवलं आणि काय जाणूनबुजून दाखवलं नाही. चित्रकलेशी आणि धर्माशी तिचं जे नातं आहे ते मला तरी त्या न दाखवण्यातच सापडतं.

पण आधी एक पथ्य पाळा. ‘चिनी कविता’ असं सरसकट म्हटलं की उत्तर चुकतं, कारण सगळं कवीवर आणि काळावर अवलंबून आहे. थांग काळातल्या (६१८–९०७) तीन मोठ्या कवींना पुढच्या परंपरेने तीन वेगळी बिरुदं दिली. वांग वेई हा काव्यातला बुद्ध, ली बाय हा काव्यातला अमर सिद्ध (ताओ पंथाच्या अर्थाने), आणि दू फू हा काव्यातला ऋषी, म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतला सत्पुरुष. तिघेही एकाच काळातले. ली बायने ताओ पंथाची रीतसर दीक्षा घेतली होती. दू फूची चित्रातल्या ससाण्यावर एक कविता आहे. पांढऱ्या रेशमावर वारा आणि हिमकण उठतात असं ती सुरू होते, आणि हा ससाणा सामान्य पाखरांवर कधी झेपावेल, त्यांची पिसं आणि रक्त माळरानावर कधी उडेल, या इच्छेवर संपते. हीसुद्धा चित्राशी बांधलेली अभिजात चिनी कविताच आहे. तिला ‘झेन’ म्हणायला जीभ वळणार नाही. म्हणून पुढचं बरंचसं वांग वेईबद्दल आहे आणि ते दुसऱ्या कवीला जसंच्या तसं लावू नका.

आता तुम्ही जिचा उल्लेख केलात तीच कविता घेऊ. चार ओळी, दर ओळीत पाच अक्षरं, एकूण वीस. नाव ‘हरणांचं कुंपण’. मी वर्गासाठी केलेलं साधं भाषांतर असं:

रित्या डोंगरात माणूस दिसत नाही,
फक्त माणसांच्या बोलण्याचा आवाज येतो.
परतीचं ऊन गर्द रानात शिरतं,
पुन्हा हिरव्या शेवाळावर पडतं.

पहिल्या ओळीत डोळ्यांना काही मिळत नाही. दुसरीत कानांना मिळतं: कुणीतरी बोलतंय, म्हणजे डोंगर रिता नाही. पण ते कोण, कुठे, काय बोलतात, यातलं काही सांगितलेलं नाही. तिसऱ्या ओळीत पुन्हा डोळे, आणि आता प्रकाश हलतोय. दाट रानात दुपारचं ऊन जमिनीपर्यंत येत नाही, पानं ते वरच्या वर अडवतात. सूर्य खाली उतरला की तिरपं ऊन खोडांच्या मधून आत सरकतं आणि दिवसभर अंधारात असलेल्या शेवाळावर पडतं. हे ज्याने पाहिलंय त्यानेच लिहिलेलं आहे. चौथ्या ओळीतला ‘पुन्हा’ बघा. पुन्हा म्हणजे आधी एकदा पडून गेलं होतं. माझ्या वाचनात ते सकाळचं तिरपं ऊन. मधला अख्खा दिवस कवितेत नाही, तो त्या एका शब्दामागे आहे. भाषांतरात हा शब्द गळला तर खरोखरच शेवाळाखेरीज काही उरत नाही.

याच जागेवर, याच नावाने, वांग वेईचा मित्र पेइ दी याचीही कविता आहे. चांगआन या राजधानीच्या दक्षिणेला लानतिएनमध्ये वांगछ्वान नावाचं खोरं आहे. तिथे वांग वेईचं घर आणि जमीनजुमला होता. दोघांनी त्या खोऱ्यातल्या वीस जागांवर प्रत्येकी वीस कविता केल्या. पेइ दीची ‘हरणांचं कुंपण’ अशी:

दिवस कलताना गार डोंगर दिसतो,
आणि मी एकट्याने निघालेला वाटसरू होतो.
गर्द रानातल्या गोष्टी ठाऊक नाहीत,
हरणांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या आहेत.

वाईट कविता नाही. शेवटची ओळ तर चांगलीच आहे, हरणं न दाखवता त्यांचे माग दाखवले आहेत. पण इथे एक वाटसरू मध्ये येऊन उभा राहतो. ‘मला ठाऊक नाही’ हेही तोच सांगतो. वांग वेईच्या कवितेत हा माणूस नाही. बघणारा आहे, नाहीतर ‘दिसत नाही’ कुणाला? पण तो कुठे उभा आहे हे कळत नाही, आणि त्याला काय वाटलं हे तर नाहीच नाही. दोन्ही कविता शेजारी ठेवून वाचल्या की वांग वेईने काय गाळलं ते आपोआप दिसतं. मी नवख्या वाचकाला नेहमी ही जोडीच देते, कारण यासाठी कोणत्याही शास्त्राचं ज्ञान लागत नाही.

मराठी वाचकाला इथे एक जास्तीची अडचण येते. आपला कान अभंगावर पोसलेला आहे. अभंगात बोलणारा स्पष्ट असतो, ‘तुका म्हणे’ म्हणून शेवटी तो सहीसुद्धा करतो, देवाशी भांडतो, रडतो. धार्मिक कविता म्हटली की आपण असा आवाज शोधतो. वांग वेई कुणालाही हाक मारत नाही. त्याच्या कवितेत धर्म शोधताना भक्तिभाव शोधला तर हाती काही लागणार नाही.

मग धर्म कुठे आहे? वांग वेईचं घराणं बौद्ध उपासकांचं. त्याची आई तीस वर्षांहून अधिक काळ पूजी या ध्यानगुरूंची शिष्या होती. छान, म्हणजे ज्याला जपानीत झेन म्हणतात, त्या ध्यानमार्गातले हे मोठे आचार्य. आईच्या मागे वांगछ्वानचं घर मठ म्हणून द्यायला परवानगी मागणारा अर्ज वांग वेईने सम्राटाकडे केला, त्यात त्याने हे लिहिलंय. तो स्वतः भिक्षू कधीच झाला नाही. आयुष्यभर सरकारी अधिकारी होता. आन लूशान या सेनापतीच्या बंडात पकडला गेला, बंडखोरांची चाकरी गळ्यात पडली, पुढे त्याबद्दल शिक्षा होता होता वाचला. रानात राहणारा विरक्त साधू असं जे चित्र लोक रंगवतात ते खरं नाही.

त्याच्या नावातच एक सूत्र आहे. व्यवहारातलं त्याचं दुसरं नाव ‘मोजिए’. पाळण्यातल्या नावापुढे ते ठेवलं की ‘वेइमोजिए’ होतं, म्हणजे विमलकीर्ति. विमलकीर्तिनिर्देश सूत्राचा नायक वैशालीतला एक गृहस्थ आहे, संसारात राहून सगळ्या भिक्षूंहून शहाणा. कुमारजीवाने ४०६ मध्ये केलेलं या सूत्राचं भाषांतर चीनमध्ये घरोघर पोचलं. मूळ संस्कृत संहिता हरवली असंच सगळे धरून चालले होते, ती १९९९ मध्ये ल्हासाच्या पोताला राजवाड्यात हस्तलिखितात सापडली. यातले दोन प्रसंग वांग वेईच्या वाचकाला फार कामाचे आहेत. विमलकीर्ति आजारी आहे, मंजुश्री हा बोधिसत्त्व त्याला भेटायला येतोय. पाहुणे येणार म्हणून हा आपली खोली आवरतो, म्हणजे सगळं सामान बाहेर काढून ती पूर्ण रिकामी करतो. मग त्या रिकाम्या खोलीत बत्तीस हजार सिंहासनं मावतात. दुसरा प्रसंग अद्वयाच्या चर्चेचा. एकेक बोधिसत्त्व आपापली व्याख्या सांगतो, मंजुश्री म्हणतो की ते शब्दांपलीकडचं आहे, आणि विमलकीर्तीची पाळी येते तेव्हा तो काहीच बोलत नाही.

हे नाव ज्याने मिरवलं त्याच्या कवितेचा पहिलाच शब्द ‘रिता’ असेल तर वाचक बौद्धांच्या शून्यतेकडे, म्हणजे कशालाच स्वतंत्र, टिकाऊ अस्तित्व नाही या विचाराकडे, जाणारच. चिनी सूत्रांत शून्यतेसाठी तेच अक्षर आहे, पण ते रोजच्या वापरातलं साधं ‘रिकामा’ही आहे. म्हणून त्या एका अक्षरावर डोलारा उभारू नये असं मी सांगते. कवितेच्या घडणीत मात्र सूत्राचा संस्कार मला नक्की दिसतो: जागा रिकामी ठेवायची, ती शब्दांनी भरायची नाही, आणि तिच्यात काय मावतं ते बघायचं. ‘हरणांचं कुंपण’ म्हणजे सारनाथचं मृगदाव, बुद्धाने पहिला उपदेश केला ते हरणांचं रान, असंही काही जण सांगतात. मला ते पटत नाही. मृगदावासाठी चिनी बौद्ध ग्रंथांत वेगळं नाव आहे. शिवाय या मालिकेतली नावं त्या खोऱ्यातल्या जागांची आहेत, कुठे तळं, कुठे बांबूतलं घर, कुठे दुसरं एखादं कुंपण.

जिथे बौद्ध संदर्भ खरोखर लागतो अशीही त्याची कविता आहे, ‘श्यांगजी मठाकडे’. तिचा आशय असा. मठ ठाऊक नव्हता, चालत चालत ढगांतल्या शिखरांत. जुनी झाडं, माणसांची पायवाट नाही, आणि खोल डोंगरात ही घंटा कुठली? झऱ्याचा आवाज उभ्या खडकांत अडखळतो, उन्हाचा रंग हिरव्या पाइनमध्ये गार होतो. सांजवेळी रित्या डोहाच्या वळणावर शांत ध्यान विषारी नागाला आवरतं. शेवटचा नाग कुठून आला हे बौद्ध कथा माहीत नसतील तर कळणार नाही. तो वासनांचा नाग आहे, ध्यानाने काबूत येणारा. श्यांगजी हेही विमलकीर्तीच्याच सूत्रातल्या, सुगंधाच्या लोकात राहणाऱ्या एका बुद्धाचं नाव. विमलकीर्ति पाहुण्यांसाठी जेवण मागवतो ते त्याच्याकडून. इथे एक-दोन टिपा वाचून घ्याव्या लागतात, त्याला इलाज नाही. पण एक गोष्ट टिपांशिवायही दिसते. कवितेचं नाव मठावर आहे आणि आठ ओळींत मठ दिसतच नाही. दार नाही, छप्पर नाही, भिक्षू नाही. कुठूनशी घंटा तेवढी येते.

ही घंटा लक्षात ठेवा, कारण चित्रकलेकडे जायचा रस्ता इथूनच आहे.

वांग वेईच्या कवितांबद्दल जे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं ते सू शीचं (१०३७–११०१). सोंग काळातला हा कवी, चित्रकार, अधिकारी. वांग वेईच्या लानतिएनच्या धुकं-पावसाच्या एका चित्राबद्दल लिहिताना तो म्हणाला की याच्या कवितेची चव घेतली तर कवितेत चित्र आहे, आणि चित्र पाहिलं तर चित्रात कविता आहे. लोक इथेच थांबतात. पण सू शी लगेच उदाहरण म्हणून चार ओळी देतो, त्यांचा शेवट असा: डोंगरवाटेवर पाऊस मुळीच नाही, तरी रिता हिरवेपणा कपडे भिजवतो. (या ओळी वांग वेईच्या नाहीत असंही काही जण म्हणतात, हेसुद्धा तोच नोंदवतो.) आता सांगा, पाऊस नसताना हिरव्याने भिजलेले कपडे चित्रात कसे काढायचे? ‘हरणांचं कुंपण’ तरी काढता येईल का? त्यात आवाज आहे, आणि ऊन आहे. चिनी शाईचित्रात तर ऊन-सावली रंगवायची पद्धतच नव्हती. तेव्हा ‘कवितेत चित्र’ याचा अर्थ ‘डोळ्यांपुढे देखावा उभा राहतो’ असा घेतला की तुमच्यासारखाच घोटाळा होतो. देखावा म्हणून बघायला गेलं तर या कविता खरंच तोकड्या आहेत.

सू शीने दुसऱ्या एका कवितेत आपलं म्हणणं आणखी स्पष्ट केलंय. चित्राची पारख हुबेहूबपणावरून करणाऱ्याची समज पोराटोरांच्या शेजारची, आणि कवितेचा विषय दिला म्हणून तेवढंच लिहिणारा कवी नव्हे. कविता आणि चित्र यांचा कायदा मुळात एक.

तो कायदा कोणता, हे मला सगळ्यात नीट कळलं ते चित्रकारांच्या परीक्षेच्या गोष्टींवरून. सम्राट हुइझोंग (राज्यकाळ ११००–११२६) स्वतः चित्रकार होता, आणि दरबारी चित्रशाळेच्या परीक्षेत कवितेच्या ओळी विषय म्हणून दिल्या जात. बाराव्या शतकातल्या देंग चुनने यातले काही विषय आणि उत्तरं नोंदवून ठेवली आहेत. एक विषय होता, ‘अस्ताव्यस्त डोंगरांत जुना मठ दडलेला’. बहुतेकांनी झाडांमागून डोकावणारं मनोऱ्याचं टोक काढलं, कुणी छपराचा कोपरा, कुणी तर आख्खं सभागृह. पहिला आलेल्याने सगळा कागद उजाड डोंगरांनी भरला आणि वर एक पताकेची काठी तेवढी काढली. देंग चुनचा शेरा असा, की छप्पर दिसलं तिथे दडणं संपलं.

दुसरा विषय: ‘रानातल्या पाण्यावर पार होणारं कुणी नाही, एकटी नाव दिवसभर आडवी पडून’. बाकीच्यांनी काठाला बांधलेली रिकामी नाव काढली, कुणी तिच्या कडेवर बगळा बसवला, कुणी टपावर कावळा. पहिल्या क्रमांकाच्या चित्रात नावाडी होता. नावेच्या शेपटाशी आडवा झालेला, जवळ एक बासरी. कारण ओळीत उतारू नाही असं म्हटलंय, नावाडी नाही असं नव्हे. आणि नावाडी रिकामा पडलाय म्हणजे दिवसभरात कुणी आलं नाही, हे बगळ्यापेक्षा त्याच्यामुळे जास्त कळतं.

आता वांग वेईची घंटा आणि ही पताकेची काठी शेजारी ठेवा. माणूस दिसत नाही, आवाज येतो. मठ दिसत नाही, काठी दिसते. वस्तू झाकायची, तिची खूण ठेवायची. ग्वो शी या चित्रकाराने हे सरळ कारागिराच्या भाषेत सांगितलं होतं. डोंगर उंच हवा असेल तर तो सगळा दाखवू नका, धुक्याने त्याची कंबर बांधा, मग तो उंच होतो. पाणी लांब हवं असेल तर ते मध्ये मध्ये झाका. त्याचं १०७२ सालचं ‘वसंताची चाहूल’ तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे, आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठं करून बघता येतं. मधल्या धुक्यात डोंगराचा भाग कुठे तुटतो आणि वर कुठे परत सुरू होतो ते बोटाने मागोवा घेत बघा. तिथे काहीही काढलेलं नाही, नुसतं रेशीम आहे, आणि तरी आपण डोंगर पुरा करून घेतो. याच ग्वो शीच्या मुलाने वडिलांना प्रिय असलेल्या, चित्र सुचवणाऱ्या काव्यपंक्तींची यादी ठेवली आहे. तिच्यात वांग वेईची प्रसिद्ध जोडी आहे: चालत जावं पाणी संपतं तिथवर, बसून बघावे ढग उठतात तेव्हा. या ओळींवर पुढे तेराव्या शतकात मा लिनने एक लहानसं पंख्याच्या आकाराचं चित्र काढलं. आडवा झालेला एक गृहस्थ, समोर ढग, आणि अर्ध्याहून जास्त जागा मोकळी.

धर्माचा आणि निसर्गचित्राचा संबंध याहूनही जुना आहे. पाचव्या शतकातला झोंग बिंग हा लूशान पर्वतावरच्या ह्वेइयुआन या आचार्यांच्या वर्तुळातला उपासक. म्हातारपणी डोंगर चढवेनात तेव्हा पाहिलेले डोंगर त्याने खोलीच्या भिंतींवर काढले, पडल्या पडल्या त्यांत हिंडायचा, आणि त्या डोंगरांतून प्रतिध्वनी यावा म्हणून तंतुवाद्य वाजवायचा. निसर्गचित्रावरचं जे सगळ्यात जुनं लिखाण आपल्यापर्यंत आलं त्यात त्याची प्रस्तावना आहे. तेव्हा डोंगराचं चित्र ही साधनेची वस्तू होती, भिंत सजवायची नव्हे. पण श्रेय एकट्या बौद्ध धर्माला देऊ नका. त्याच सुमाराला ताओ युआनमिंग (३६५–४२७) हा कवी कुंपणाशी शेवंती खुडताना दक्षिणेचा डोंगर बघतो आणि म्हणतो, यात खरा अर्थ आहे, सांगायला गेलो तर शब्द विसरलो. हे शब्द विसरणं जुन्या ताओ विचारातलं, च्वांग झीचं. सूत्रातलं मौन चीनमध्ये आलं तेव्हा त्याला असं घर तयार मिळालं. कोणती ओळ बौद्ध आणि कोणती ताओ, हे दरवेळी ठरवता येत नाही आणि त्या लोकांनाही त्याची फार फिकीर नव्हती.

कवितेच्या छंदातही बौद्ध हात असावा असं काही अभ्यासक मांडतात. पाचव्या शतकाच्या शेवटी शेन युए आणि त्याच्या सोबत्यांनी चिनीतल्या स्वरांची उंची-उतार नेमानं बांधायला घेतली, त्यामागे संस्कृत पठणाचा परिणाम होता असं हे मत. त्यावर वाद आहे, म्हणून इथे नुसता उल्लेख करते.

आता कोपऱ्यातली कविता. वांग वेईच्या काळात चित्रावर कविता लिहिली तरी ती बहुधा वेगळ्या कागदावर असे. चित्राच्या पृष्ठावरच कविता हे सोंग काळात दिसू लागतं. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातल्या सोनेरी फेझंट पक्षी आणि जास्वंदवर्गी फुलाच्या चित्रावर हुइझोंगच्या बारीक, धारदार अक्षरातली कविता आहे. सर्रास झालं ते युआन काळात. मंगोलांनी १२७९ मध्ये दक्षिण चीनही घेतला, सरकारी परीक्षा १३१५ पर्यंत बंद राहिल्या, आणि शिकलेली माणसं चित्राकडे वळली. त्यांच्या हातात तोच ब्रश होता ज्याने ती लिहीत आली होती. झाओ मेंगफू (१२५४–१३२२) आपल्या एका खडक-बांबूच्या चित्रावर लिहितो, की खडक कोरड्या, धावत्या अक्षरासारखा काढावा, झाड जुन्या मुद्रालिपीसारखं, आणि बांबूला सुलेखनाचे आठ फटकारे यावे लागतात. ब्रश हातात धरणाऱ्याला हे लगेच पटतं. बांबूचं पान आणि अक्षराचा तिरपा फटकारा मनगटाच्या एकाच हालचालीतून येतात, आणि शाई कागदात शिरली की दोन्ही दुरुस्त करता येत नाहीत. त्यामुळे कोपऱ्यातली कविता चित्राची ओळख सांगायला नसते. ती त्याच कामाचा पुढचा भाग असते, आणि कुठे बसवायची हे चित्र काढतानाच डोक्यात असतं.

मोकळी जागा दिसली की ‘शून्यता’ म्हणायची घाई इथेही करू नका. झेंग सीश्याओने १३०६ मध्ये काढलेलं ऑर्किडचं शाईचित्र ओसाकाच्या संग्रहालयात आहे. रोप आहे, पानं आहेत, खाली माती नाही. परक्यांनी माती हिसकावून नेली, असं तो विचारणाऱ्याला सांगे अशी कथा आहे. इथली रिकामी जागा ध्यानाची नाही, हरलेल्या देशाची आहे. कुणी, कधी, कशासाठी मोकळं ठेवलं हे चित्राशेजारच्या पाटीवरून तरी बघून घ्या.

लाल शिक्क्यांतला एखादा चित्रकाराचा, बाकीचे पुढच्या मालकांचे. आणि कोपऱ्यातली कविता चित्रकाराचीच असेल असंही नाही. अठराव्या शतकातल्या छ्येनलोंग सम्राटाला चित्रांवर लिहायची फार हौस. ह्वांग गोंगवांगची ‘फूछुन डोंगरातली वस्ती’ ही १३५० मधली प्रसिद्ध चित्राची गुंडाळी. छ्येनलोंगकडे आधी तिची एक नक्कल आली, ती त्याने खरी मानली आणि तिच्यावर पन्नासहून अधिक मजकूर लिहिले. पुढच्या वर्षी, १७४६ मध्ये, अस्सल गुंडाळी आली. तिला त्याने नक्कल ठरवलं, म्हणून ती बरीचशी कोरी राहिली. मला याचं अजूनही हायसं वाटतं.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग: आधी बौद्ध धर्म वाचावा का? नको. वांगछ्वानच्या वीस जोड्यांपासून सुरुवात करा, प्रत्येक जागेवर आधी पेइ दी, मग वांग वेई. दर ओळीपुढे लिहा की इथे डोळा आहे की कान, जवळचं आहे की लांबचं, आणि ज्याचं नाव घेतलंय ते प्रत्यक्ष आलंय का. त्यानंतर विमलकीर्तीच्या सूत्रातलं रिकाम्या खोलीचं आणि मौनाचं प्रकरण वाचा, मग ‘श्यांगजी मठाकडे’. हातात इंग्रजी भाषांतर असेल तर दोन वेगवेगळी घ्या. मूळ कवितेत नसलेला ‘मी’ कुठे घातलाय, ‘निःशब्द’, ‘अथांग’, ‘चिरंतन’ अशी विशेषणं कुठे पेरलीत, ते तपासा. जिथे पेरली असतील तिथे भाषांतरकाराने मठाचं छप्पर चित्रात दाखवून टाकलंय असं समजा आणि दुसरं भाषांतर उघडा. मराठीत ‘माणूस दिसत नाही’ हे बघणाऱ्याचं नाव न घेता सरळ म्हणता येतं, त्यामुळे थोडी चिनी अक्षरं ओळखायला शिकलात तर कोशाच्या मदतीने या वीस अक्षरांचं भाषांतर तुम्ही स्वतःच करून बघू शकाल. केलंत तर इथे टाका, ‘पुन्हा’ कुठे बसवलात ते मला बघायचंय.